अंगात नसलेला आजार

आरशात जीभ बाहेर काढून बघायची सवय मला नेमकी कधी लागली, ते आता सांगता येत नाही. पुंडलिकनगरात मी भाड्याच्या खोलीत राहायचो. खिडकीजवळ हातभर आरसा होता. कामावर निघण्याआधी मी दार लावून घ्यायचो, उजेडाकडं तोंड करायचो आणि जिभेवर पांढरे डाग शोधायचो. मग गळ्याच्या गाठी चाचपायच्या, काखा चाचपायच्या. काही सापडलं नाही की बरं वाटायला हवं होतं. तसं वाटायचं नाही. आपल्याला नीट बघता आलं नाही, एवढंच वाटायचं.

मी मूळचा शेंद्र्याचा. आमचं धनगराचं घर, वडिलांची मेंढरं होती. मी आयटीआय केलं आणि चिकलठाण्याच्या एका कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसवर लागलो. तेव्हा शहराच्या चारी अंगांना कारखाने उगवत होते. वाळूजकडं तर कधीही गेलं तरी एखादं नवीन शेड उभं राहिलेलं दिसायचं. गावातली पोरं सायकलीवर कामाला जायची आणि अंगाला ग्रीसचा वास घेऊन परत यायची. वडिलांना तो वास खपायचा नाही. "मेंढराजवळ येऊ नको," म्हणायचे, "बुजतंय ते."

गावात माझ्या लग्नाचं बोलणं निघालं तसं मी शिफ्टचं निमित्त सांगून शहरात खोली केली. खरं कारण मला स्वतःलाच धड सांगता आलं नसतं. बरोबरीची पोरं मुलींबद्दल जे बोलायची ते कळायचं, पण मला लागू पडायचं नाही. माझं लक्ष भलतीकडंच असायचं. त्याला काय म्हणतात, ठाऊक नव्हतं. गावात त्यासाठी एक शिवी होती. ती स्वतःला लावून बघायची हिंमत होत नव्हती.

छावणीच्या बाजारात एक शिंपी होता. लष्करातल्या लोकांचे कपडे लहानमोठे करून द्यायचा. पिकायला लागलेले केस, डोळ्यांत सुरमा. सगळे त्याला खाला म्हणायचे आणि तोही स्वतःबद्दल बाईसारखं बोलायचा, "मैं आरी", "मैं बैठी". खालाला 'तो' म्हणावं की 'ती', हे मला आजही पक्कं कळलेलं नाही. तिला आवडायचं म्हणून पुढं 'ती' लिहितो. मी पँट आखूड करायला गेलो होतो. माप घेताना तिनं माझ्याकडं जरा जास्त वेळ पाहिलं आणि म्हणाली, "बैठ रे थोडा. चाय पीके जा."

दुकानाच्या मागच्या भागात एक बाकडं होतं. तिथं माझ्यासारखी माणसं येऊन बसायची. कुणी कारखान्यातला, कुणी बँकेतला, एक ट्रकचालक. दारापलीकडं जे बोलता येत नव्हतं ते सगळे तिथं हसत हसत बोलायचे. तिथं ओळख झालेल्या माणसांबरोबर मी काही वेळा गेलो. कुठं आणि कसं, ते लिहीत नाही. निघताना मला हलकं वाटायचं आणि खोलीवर पोचेपर्यंत मी दहादा मागं वळून बघायचो, इतकं लिहिलं तरी पुरे.

मग एकदा कँटीनमध्ये कुणीतरी पेपर मोठ्यानं वाचला. मुंबईत एक नवा रोग आलाय, त्याला औषध नाही. बायांकडं जाणारे, ट्रकवाले आणि पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष, अशांना तो होतो. शेवटच्या शब्दांवर सगळी टेबलं हसली. मीही हसलो. सुपरवायझर म्हणाले, "असल्यांना होऊच द्यावा." हसता हसता पुढ्यातली भाकरी तशीच डब्यात ठेवून दिली.

त्याच सुमारास बसस्टँडच्या भिंतीवर चित्र लागलं. हाडांचा सांगाडा, आणि खाली लक्षणं: वजन घटणं, ताप, अंगावर चट्टे, तोंडात पांढरे डाग. मी ती पाठ केली. अन्न गळ्याखाली उतरेना, म्हणून वजन घटलं, आणि वजन घटलं म्हणून माझी खात्री पटली. अन्न उतरत नाही म्हणून वजन घटतंय, ही साधी गोष्ट मला तेव्हा दिसत नव्हती. आता मला ती दिसते. तेव्हा का दिसली नाही, ते मात्र आजही समजत नाही.

मी माझं ताट वेगळं ठेवायला लागलो. मोरीवर बसून ते राखेनं पुन्हा पुन्हा घासायचो. घरमालकीण काकू दारातून बघायच्या. त्यांचं कारकुनी पेशातलं ब्राह्मण कुटुंब होतं, माणसं मायाळू. "अरे, किती घासशील ते? भोक पडेल त्याला," त्या म्हणायच्या. एकदा जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "जंत झाले असतील तुला. ओवा खा." मी ओवा खाल्ला. तोही अंगी लागला नाही.

शेंद्र्याला गेलो तेव्हा आईनं मला पाहिलं आणि हातातलं सूप खाली ठेवलं. दुसऱ्या दिवशी ती मला देवऋष्याकडं घेऊन गेली. त्यानं कपाळाला भंडारा लावला, डोळे मिटून डोलला आणि सांगितलं, ओढ्यावरच्या बाईनं धरलंय. बाईनं! त्या हालातही मला हसू फुटलं, आणि आईला वाटलं बाधाच हसतीय. वाटेत ती म्हणाली, "लगीन झालं म्हंजी उतरंल सगळं. पोरगी बघितलीय म्या." खरं सांगायचं तर तो देवऋषी खरा निघावा असंच मला वाटत होतं. बाधा निघते. दुसरं जे होतं ते निघणारं नव्हतं.

आता माझ्या मित्राबद्दल सांगायला हवं. प्रेसवर आम्ही दोघं एकत्र असायचो. मी पत्रा आत सरकवायचो, तो तयार भाग बाहेर काढायचा. एकाचं चुकलं तर दुसऱ्याची बोटं जाणार. तो बौद्ध. विद्यापीठाच्या नामांतराची लढाई पहिल्यांदा पेटली तेव्हा तो लहान होता. त्या वेळी गावात त्यांची वस्ती जाळली गेली आणि त्याचं घर शहरात आलं. वडील पुढं वारले, आईला त्यानंच सांभाळलं. आता नामांतराची मागणी पुन्हा जोरात होती. कामावरून सुटला की तो मोर्चाला, नाहीतर सभेला जायचा. मी विचारायचो, "पाय दुखत नाहीत का तुझे?" तो म्हणायचा, "दुखतेत की. पण झोप लागती." दुपारी आम्ही एका डब्यात जेवायचो. माझ्या आईच्या हातची जवसाची चटणी त्याला फार आवडायची; ते ऐकून आई त्याच्यासाठी जास्तीची बांधून द्यायची. त्याच्याबद्दल मला काय वाटायचं ते मी खालालासुद्धा सांगितलं नव्हतं.

पुढं कारखान्यात रक्तदानाचं शिबिर भरलं. आमच्या खात्यातले सगळे रांगेत उभे राहिले, मीही राहिलो. पुढच्या माणसाच्या दंडाला रबरी नळी बांधली आणि मला वाटलं, माझं रक्त कुणाला दिलं तर तो मरेल. पाठोपाठ दुसरा विचार आला, रक्त तपासलं तर सगळ्यांना कळेल. रांग सोडून मी पळत सुटलो तो थेट भंगाराच्या ढिगामागं. मागून हसण्याचा आवाज आला. "धनगर असून सुईला भेतंय!" मित्र हसला नाही. तो मला शोधत आला, माझ्याकडं नुसता बघत राहिला.

त्यानंतर जेवायला बसलो की आजार माझ्या बोटांतून भाकरीत, भाकरीतून त्याच्या पोटात जाईल असं वाटायचं. एका दुपारी त्यानं नेहमीसारखा हात पुढं केला आणि मी डबा मागं ओढला.

"नको. हात नको लावू."

"काय झालं?"

"काय नाय. तू तुझं खा."

त्यानं हात तसाच हवेत धरला. शेजारच्या टेबलावरचे लोक वळून बघायला लागले. मग तो हळू आवाजात म्हणाला, "आत्ता कळली व्हय तुला माझी जात? बरं झालं. ज्याच्या त्याच्या पोटातलं आता बाहीर यायलंय."

तो उठून गेला. दुसऱ्या दिवशी त्यानं सुपरवायझरला सांगून जोडी बदलून घेतली.

त्या दिवसांत शहरात दोनच बाजू होत्या, नामांतर हवं म्हणणारे आणि नको म्हणणारे. कँटीनमध्ये कोण कुणाजवळ बसतं यावरून लोक अंदाज बांधायचे. मी काही न बोलता दुसऱ्या बाजूला जाऊन पडलो होतो. त्या बाजूचे एक-दोघं माझ्या पाठीवर थाप मारून गेले, "बरं केलंस." जे मी नव्हतो ते मी आहे असं सगळ्यांना वाटत होतं, आणि जे होतो ते सांगता येत नव्हतं.

खालाला हे सांगितलं तर तिनं शिलाई थांबवली. "बोल दे उसकू."

"काय बोलू?"

"जो है वो. नै बोल्या तो वो समझेगा तू उसकू नीच समझता. वो चलता क्या तेरेकू?"

चालणार नव्हतं. बाकी सगळ्याचा गोंधळ होता, एवढं मात्र स्पष्ट होतं.

मी त्याला भंगाराच्या ढिगामागं गाठलं. "डबा वढला तो तुझ्यामुळं नाय. माझ्यामुळं वढला."

"म्हंजी?"

"मला तो आजार झालाय. पेपरात यायलाय तो."

"तपासलं?"

"नाय."

"मग कुणी सांगितलं?"

"कुणी नाय. मला माहीत हाय."

मग मी बाकीचंही सांगितलं. पुरुषांचं. माझ्याकडं नीट शब्द नव्हते, अर्धं बोललो, अर्धं त्यानं जुळवलं. तो खाली बसला आणि पत्र्याचा एक तुकडा हातात घेऊन वाकवत राहिला. मला वाटलं, आता उठून जाईल.

"मला यातलं काय बी कळत नाय," तो म्हणाला.

"मला बी नाय."

मग तो म्हणाला, "माझी आई भर दुपारी कडी लावून बसती. घरातलं एकूण एक भांडं पाण्यानं भरून ठेवती. आग लागंल म्हणती. इथं कोण लावायलंय आग? तिला बी कुणी सांगितलेलं नसतं. तिला बी माहीत असतं." तुकडा फेकून तो उठला. "उद्या रजा टाक. सरकारी दवाखान्यात जाऊ."

रक्त दिलं, आणि निकालाच्या दिवशीही तोच बरोबर आला. खिडकीतला माणूस म्हणाला, "काही नाही तुम्हाला." मी विचारलं, "चुकलं असंल तर?" तो म्हणाला, "शंका असेल तर काही महिन्यांनी परत या." मित्र आनंदानं माझ्या पाठीत बुक्की मारून चहा सांगायला गेला. मी पायरीवर बसून रडायला लागलो. ते रडणं आनंदाचं नव्हतं. इतके महिने ज्या गोष्टीभोवती मी जगत होतो ती नाही म्हणतात, मग अंगात जी होती ती भीती कशाची? तिला आता कुठं ठेवायचं? चहा घेऊन आलेल्या मित्राला मी म्हणालो, "त्यांचं मशीन खराब असंल." त्यानं दोन्ही कप खाली ठेवले. "चल," म्हणाला, "दुसऱ्या डॉक्टरकडं."

दुसरे म्हणजे मनाचे. दारावरची पाटी वाचून मी मागं फिरत होतो. गावातलं कुणी बघितलं तर वेडा म्हणतील. मित्रानं दंड धरून ठेवला. आतले डॉक्टर थकलेले दिसत होते. त्यांनी सगळं ऐकलं आणि आवाज न बदलता विचारलं, "बायकांकडे जाता की पुरुषांकडे?"

"पुरुषांकडं."

हा प्रश्न मला कुणी कधी असा विचारलाच नव्हता, जसं शाकाहारी की मांसाहारी विचारावं. ते म्हणाले, "रोग नसताना रोग झालाय असं वाटत राहणं, हासुद्धा आजारच आहे. नाटक नाही ते. गोळ्या देतो, दर आठवड्याला येऊन बोलत जा. आणि निरोध वापरा. तो रोग जेवणातून होत नाही, हात लावल्यानं होत नाही." ते ऐकताना माझं अंग सैल पडत गेलं. मी उठलो तेव्हा ते म्हणाले, "आणि लग्नाचं बघा आता. सगळं मार्गी लागेल."

ज्या माणसानं पहिल्यांदा माझं धड ऐकून घेतलं, तोही अखेर आईचंच वाक्य बोलला. त्यांच्यावर विश्वास ठेवावा की नाही, मला ठरवता येईना. गोळ्या मात्र घेतल्या. गोळ्यांनी तोंड कोरडं पडायचं, की मी परत आरशाकडं धावायचो. तरी हळूहळू भाकरी घशाखाली उतरायला लागली. मित्र परत माझ्या जोडीला आला. पहिल्याच दुपारी त्यानं विचारलं नाही, सांगितलं नाही, माझ्या डब्यातली चटणी सरळ बोटानं उचलली.

हिवाळ्यात नामांतराचा निर्णय झाला. विद्यापीठाच्या नावाचा विस्तार झाला. शहरात चौकाचौकांत पोलीस, काही दुकानं बंद, आणि वस्त्यांमधून ढोल. मित्र माझ्या खोलीवर आला. आनंदानं त्याला धड बोलता येत नव्हतं, पण कपाळाला आठ्या होत्या. "मला मिरवणुकीत जायचंय," म्हणाला, "आई दार उघडायला तयार नाय. तू बसतो का तिच्याजवळ?"

त्याच्या घराला एकच खोली होती, वर पत्रा. आम्ही हाक मारल्यावर कडी निघाली, तो गेल्यावर परत लागली. कळशी, तपेली, तांबे, वाट्यासुद्धा पाण्यानं भरलेल्या. त्याची आई भिंतीला पाठ लावून बसली होती.

"कुणाचा तू?"

"शेंद्र्याच्या धनगराचा."

तिनं भरलेली कळशी जवळ ओढून घेतली. "आमच्या गावचे धनगर त्या दिशी मेंढरं घेऊन रानात निघून गेल्ते. आमच्या अंगावर नाय आले. पर कुणाला अडवलं बी नाय."

मी मान खाली घातली. बाहेर ढोल जवळ आले तशी ती दचकली आणि तिनं माझं मनगट धरलं.

"आत्या, आनंदाचं वाजवायलेत," मी म्हणालो. "तुमचं जिंकलंय."

"त्या दिशी बी वाजत व्हतं." मग तिनं माझ्या हाताकडं पाहिलं. "तुझा हात बी कापायलाय की."

"भ्या वाटायचा आजार हाय मला. गोळ्या चालू हायेत."

"भ्याची गोळी असती?"

"असती."

तिनं मनगट सोडलं नाही. मिरवणूक दारावरून पुढं गेली, घोषणा लांब गेल्या, मग ती म्हणाली, "मला बी देतेल का?"

मित्र गुलालानं माखून परत आला तेव्हा त्याला मी हेच सांगितलं. तिला त्याच डॉक्टरांकडं नेलं. काही महिने ती जात राहिली, मग म्हणाली, झोप येती पण स्वप्नात परत तेच गाव येतं, त्यापेक्षा जागी बरी. गोळ्या बंद केल्या. दुपारची कडी मात्र काढून ठेवायला लागली. गोळ्यांनी, की माझ्याशी बोलून, की आपोआप, कुणालाच सांगता आलं नाही.

त्याच्या पुढच्या साली खालाला खोकला धरला. टीबी निघाला, आणि रक्त तपासल्यावर तो आजारही निघाला, जो मला नव्हता. मला सांगताना ती हसली. "डरने का काम तो मैं तेरेकूच दे दी थी." पण बाजारात बातमी फुटली. कपडे यायचे बंद झाले, मागचं बाकडं रिकामं पडलं. आपल्याला लोकांनी तिथं पाहू नये म्हणून तिथली माणसंही यायची थांबली. एका दुपारी गेलो तर मशीनवर कापड टाकलेलं आणि खाला भिंतीकडं तोंड करून बसलेली.

"लई दुखतंय का?"

"बीमारी का नै रे. कोई आता नै, उसका है."

मी तिला माझ्या डॉक्टरांबद्दल सांगितलं. ती तयार होईना. "उधर कौनसी लाइन में खड़ी रहूँ? मर्दों की के औरतों की?" मी मित्राला विचारलं. तो म्हणाला, "तिनं कशाला उभं राहायचं? मी राहतो." आणि खरंच, तो तिच्या नावानं रांगेत उभा राहिला, ती बाकावर बसून राहिली आणि येणाऱ्या-जाणाऱ्या बायांच्या पदराची शिलाई बघत राहिली. डॉक्टरांनी तिच्याशी बराच वेळ बोलून घेतलं. लग्नाचं काही म्हणाले नाहीत. त्या रोगावर तेव्हा इथं औषध नव्हतं, पण तिची झोप परत आली, ती परत शिव्या द्यायला लागली. मी सुट्टीच्या दिवशी जायचो, ती सांगेल तशी बटणं लावायचो. पावसाळा संपता संपता ती गेली. जनाज्याला आम्ही थोडेच होतो. बाकड्यावरचा तो ट्रकचालक कुठूनसा कळून आला होता, सगळ्यात जास्त तोच रडला.

तेच दुकान, तेच बाकडं, तीच माणसं. तिला झालं, मला नाही. मी परत तपासलं, तरी नाही. भिऊन मी जवळजवळ मेलो होतो आणि जिला भ्यायला हवं होतं ती हसत होती. याचा अर्थ लावायचा मी पुष्कळ प्रयत्न केला. लागला नाही.

लग्न मी केलं नाही. आईनं बघितलेल्या पोरीच्या घरी स्वतः जाऊन "मला जमणार नाय" सांगून आलो. आई वर्षभर माझ्याशी तुटक वागली. मित्राचं लग्न झालं, तो वाळूजकडं राहायला गेला. अजून भेटतो. माझ्या मनात त्याच्याबद्दल काय होतं ते त्याला कळलं असेल का, हे मी विचारलं नाही आणि त्यानं कधी काढलं नाही. भीती अधूनमधून येते. आली की आता ओळखू येते, एवढाच फरक.

शेंद्र्यात पुढं सरकारी औद्योगिक वसाहत आली. मेंढरं विकली, चराईला जागाच उरली नाही. आई म्हातारी झाली होती. एकदा अंगणात शेंगा फोडत बसलो असताना तिनं एकदम विचारलं, "त्या वक्ताला तुला नेमकं काय झालं व्हतं रं?"

मी म्हणालो, "भ्या वाटत व्हतं, आई."

"कशाचं?"

मी सांगायला सुरुवात केली. आजारापर्यंत सांगितलं. पुरुषांचं आलं तिथं शब्द अडकले, तरी थोडे बाहेर आले. ती शेंगा फोडत राहिली. तिला कितपत कळलं, कळलं तेवढं तिनं दाखवलं का, मला ठरवता आलं नाही. तिनं दाणे माझ्या ओंजळीत टाकले आणि म्हणाली, "मग त्यो पोरगा, चटणी खाणारा. त्याचं बरं हाय का?"

"व्हय. बरं हाय."

"त्याला आण एकदा जेवायला," ती म्हणाली, आणि पुढची शेंग उचलली.